हजार लिंगांच्या नदीत आमचं एक

पाठीवर थैली घेऊन चालायची आमच्या ह्यांना सवय आहे. बिदरला बियाणांचं दुकान आहे. हमाल आला नाही की सोयाबीनची थैली पाठीवर टाकून हे स्वतः गोदामाकडे निघतात, अठ्ठावन्नाव्या वर्षीही. त्यामुळे बेंगळुरूहून आमची लेक रश्मी फोनवर हसत म्हणाली, "अप्पा, पाठीवर एक पिशवी टाकून परदेश फिरायचं म्हंजे पोरासोरांचं काम हाय," तेव्हा ती थट्टा करतेय हे ह्यांच्या लक्षातच आलं नाही. "दहा किलो म्हंजे काय वजन हाय व्हय?" एवढं म्हणून ह्यांनी विषय संपवला. माझा मात्र तिथून सुरू झाला.

तोवर आम्ही जिथं गेलो ते यात्रा कंपनीबरोबर. आचारी सोबत, चहा खोलीत, नेपाळातसुद्धा पिठलं-भात. त्यामुळे पाहिलेल्या गावांपेक्षा बसमधली माणसंच जास्त आठवतात. या खेपेला आचारी नाही, बस नाही, गाईड नाही. फक्त आम्ही दोघं आणि दोन पिशव्या.

देश मी निवडला. एकतीस वर्षं मी भालकीच्या शाळेत भूगोल शिकवला. कंबोडिया म्हणजे उष्ण कटिबंध, मोसमी पाऊस, भात, रबर. चार शब्द लिहिले की परीक्षेत एक गुण. निवृत्त झाल्यावर वाटलं, ज्या देशाला आयुष्यभर एका गुणात गुंडाळलं तो एकदा डोळ्यांनी पाहावा तरी.

कलबुर्गीच्या नणंदेनं चाळीस कडक भाकरी पाठवल्या. या ज्वारीच्या पातळ भाकरी वाळवून पापडासारख्या कडक केलेल्या असतात आणि महिनाभर टिकतात. त्यांच्याबरोबर शेंगाची चटणी. ह्यांच्या पिशवीत कपडे कमी आणि भाकरी जास्त झाल्या.

आणखी एक गोष्ट माझ्याबरोबर होती, ती पिशवीत नव्हती. आम्ही लिंगायत. माझ्या गळ्यात इष्टलिंग आहे, म्हणजे होतं. मोठ्या सुपारीएवढं, काळं, गुळगुळीत. चांदीच्या लहानशा डबीत, जिला आम्ही चौका म्हणतो, ते गळ्याशी बांधलेलं असतं. रोज आंघोळीनंतर डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, थोडा वेळ त्याच्याकडे पाहत बसायचं आणि मगच खायचं. ज्याचं त्याला. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. माणूस गेला की त्याला बसवून समाधी देतात, तेव्हा त्याचं लिंग त्याच्याच तळहातावर ठेवतात. तिथपर्यंतची ती सोबत असते.

ह्यांचं लिंग बिदरमधल्या आमच्या मैलूरच्या घरी कपाटाच्या ड्रॉवरमध्ये आहे. कलबुर्गीला कॉलेजात असताना कबड्डी खेळायला काढलं ते पुन्हा गळ्यात गेलं नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, "देव ड्रॉवरमधी निवांत बसलाय. तुमी कामून त्याची झोपमोड करायलाय?" त्यांच्या आईनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यांचा नाद केव्हाच सोडला. आत्या (मी त्यांना आत्याच म्हणते) ऐंशी पार केलेल्या, हळ्ळीखेडला मळ्यातल्या घरात धाकट्या दिरापाशी असतात. लेकाची कसर त्या सुनेकडून भरून काढतात. मी जगाच्या पाठीवर कुठंही असो, रोज संध्याकाळी फोन, आणि पहिला प्रश्न, "पूजा झाली व्हय?"

आत्यांचा धाक काय होता तेही सांगून ठेवते. माझ्या लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी गल्लीतल्या एका बाईचं लिंग राशीच्या, म्हणजे मळणीच्या, दिवसांत खळ्यावर हरवलं. गुरू येऊन नवं बांधीपर्यंत तिनं अन्नाला शिवू नये, असा निकाल आत्यांनीच दिला. आमच्या गुरूंना आम्ही अय्या म्हणतो. अय्या तिसऱ्या दिवशी आले. ती बाई तीन दिवस नुसत्या पाण्यावर राहिली. मी तेव्हा नवी सून होते आणि रोज सकाळी पहिल्यांदा गळ्याशी हात नेऊन डबी आहे ना, ते बघायची.

बत्तंबाँग

राजधानीतून बसनं आम्ही बत्तंबाँगला आलो. हे भातशेतीतलं निवांत गाव आहे, आमच्या हुमनाबादपेक्षा मोठं पण तेवढंच सावकाश. एका बाईच्या घरी खोली घेतली. पायरीशी चपलांची रांग बघून मी मनातल्या मनात त्या घराला पैकीच्या पैकी गुण दिले. इथं घरात, दवाखान्यात, काही दुकानांतसुद्धा चपला बाहेर काढतात.

"ही तर अव्वाची शिस्त," हे म्हणाले.

खरं तर अव्वांची, म्हणजे आत्यांची, शिस्त याच्याही पुढची. हळ्ळीखेडच्या मळ्यात विहिरीच्या दहा पावलं अलीकडे, कडुलिंबाखाली, चपला काढायच्या. मग अनवाणी जायचं. काटे असोत, ऊन असो. सून म्हणून आल्यापासून मी ते करत आले. त्या घराण्याची रीत असेल म्हणून कधी विचारलं नाही. हे मात्र मोटर चालू करायला चपला घालूनच जायचे आणि दर वेळी बोलणी खायचे.

घराच्या अंगणात एका खांबावर बाहुलीच्या घराएवढं देवघर होतं. त्यात रोज सकाळी मालकीणबाई पाण्याचा पेला, उदबत्ती आणि दोन केळी ठेवायच्या. जागेचा राखणदार आहे म्हणाल्या. आमच्याकडे शेतातल्या म्हसोबाला जे मिळतं तेच. फक्त इथल्या म्हसोबाला छप्पर बरं आहे.

जेवणाचं मात्र अवघड होतं. माशाची आंबवलेली चटणी इथं आपल्या हळदीसारखी सगळ्यात असते. भाजीत मासा नको म्हटलं की मान डोलावून मासा काढून टाकतात आणि भाजी तीच आणतात. दोन दिवस मी भात आणि केळी खाल्ली. मग कळलं की काही ठरावीक तिथींना इथली बरीच माणसं मांसमच्छी सोडतात आणि त्या जेवणाला वेगळं नाव आहे, "बुआस". तो शब्द मी वहीत लिहून घेतला आणि पुढच्या प्रत्येक हॉटेलात पहिल्या तासाच्या मास्तरणीसारखा खणखणीत उच्चारला. तिसऱ्या दिवशी मशरूम आणि आल्याची अशी भाजी मिळाली की हे दोनदा मागून जेवले. मालकीणबाईंना आम्ही कडक भाकरी दिली. त्यांनी ती कानाशी नेऊन मोडली, आवाज ऐकला आणि हसल्या. मग चटणी लावून चार खाल्ल्या.

इथले लोक पाचापर्यंत मोजतात आणि सहाला "पाच-एक" म्हणतात, सातला "पाच-दोन". ह्यांना हे इतकं आवडलं की बाजारात दिसेल ती गोष्ट मोजत सुटले. याच आनंदात भाड्यानं घेतलेल्या सायकलीवर रस्ता उजव्या बाजूनं चालतो हे विसरले आणि बदकं नेणाऱ्या एका गाडीसमोर जाऊन, तिला वाचवताना, स्वतः भाताच्या चिखलात गेले. गाडीवाला खाली उतरला, ह्यांना हात देऊन बाहेर काढलं आणि आधी बदकं मोजली. सगळी होती.

सिएम रीप

अंकोरच्या देवळांबद्दल मी लिहीत नाही. त्याची छायाचित्रं सगळ्यांच्या भिंतीवर आहेत, आणि दगड कितीही थोर असला तरी सूर्य उगवताना तिथं आमच्यापुढे छत्र्या, टोप्या आणि हात वर केलेली माणसं एवढंच होतं. मला खिळवून ठेवलं ते वस्तुसंग्रहालयानं. तिथं दगडी लिंगं मांडली होती, कंबरेएवढी, छातीएवढी. हजार वर्षांपूर्वी इथले राजे शिवभक्त होते. प्रत्येक राजाला आपलं एक लिंग हवं असायचं आणि त्याला एक देऊळ. मी एकेकापाशी थांबत होते, आणि माझा हात आपोआप गळ्याशी जात होता.

"काय मापं घ्यायलीस?" ह्यांनी विचारलं.

"ह्या राजांच्या एकाला देऊळ लागायचं. आपलं गळ्यात मावतंय," मी म्हणाले.

"आन् माझं ड्रॉवरमधी," हे म्हणाले.

त्याच दिवशी आम्हाला सोखा भेटला. पन्नाशीचा, किडकिडीत, जुन्या मोटारीचा मालक. त्याला मोडकं इंग्रजी येत होतं आणि आम्हालाही तेवढंच, म्हणून आमचं चांगलं जमलं. संग्रहालयात मी लिंगांपाशी किती वेळ उभी होते ते ऐकून तो म्हणाला, "कुलेन डोंगरावर चला. तिथं नदीच्या तळात कोरलेली आहेत. हजार. पाणी त्यांच्यावरून वाहतं आणि खाली सगळ्या देशाच्या भाताला जातं."

मी त्या रात्री भूगोलाच्या बाईसारखी नाही, सहलीच्या आदल्या रात्री सातवीतली मुलगी झोपते तशी झोपले.

कुलेन डोंगर

कुलेनची वाट अरुंद आहे. सकाळी गाड्या फक्त वर जातात आणि दुपारनंतर फक्त खाली येतात. म्हणून उजाडायलाच निघावं लागलं. मी आंघोळ केली, पण पूजा केली नाही.

"करून घे की इथंच. थांबतो दहा मिनटं," हे म्हणाले.

"वर करते. नदीवर."

"कामून? इथलं पानी काय कडू हाय?"

मी ऐकलं नाही. हजार लिंगांवरून आलेलं पाणी आपल्या लिंगावर घालायचं, या विचारानं मला रात्रीपासून धरलं होतं. आणि खरं सांगायचं तर अजून एक गोष्ट होती. संध्याकाळी आत्यांनी विचारलं की सांगायचं होतं, कुठं पूजा झाली ते. नुसतं सांगायचं नव्हतं, दाखवायचं होतं.

वाटेत एका गावात रस्त्याकडेला बायका ताडाचा रस काहिलीत आटवून गूळ करत होत्या. सोखानं गाडी थांबवली. आमच्याकडे हळ्ळीखेडला उसाचं गुऱ्हाळ असतं, तसाच वास, तसाच फेस, तसंच फेस काढून बाजूला टाकणं. एका बाईनं गरम गूळ पानावर दिला. मी पूजेआधी खात नाही म्हणून हात जोडले, आणि ह्यांनी माझाही वाटा खाल्ला.

डोंगरावर दाट झाडी, आणि झाडीत नदी, गुडघ्याहून कमी पाण्याची. तळाला सपाट खडक. त्या खडकात लिंगं, चौकोनात ओळीनं, जणू शेतात रोपं लावलीत. प्रत्येक तळहाताएवढं गोल, वरून पाणी सरकतंय. काही झिजून नुसते उंचवटे झाली होती. माणसं बाटल्यांत ते पाणी भरून घेत होती. काठावर चन्था नावाची बाई लाल सालीची केळी विकत होती. तिची टोपली भरलेली होती आणि ती सोखाच्या ओळखीची होती.

जिथं कोरीव काम संपतं त्याच्या खालच्या बाजूला माणसांना पाण्यात उतरायला मुभा होती. मी उतरले. खडकावर बसले. डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं. नदीचं पाणी उजव्या हातानं घातलं, विभूती लावली. आजूबाजूचं सगळं शांत झालं होतं. मी ह्यांना म्हणाले, "आत्यांना दाखवायचंय. जरा व्हिडिओ काढा."

ह्यांनी मोबाईल धरला. "खाली बघायलीस तू. तोंड दिसंना. इकडं बघ जरा."

मी इकडं बघितलं. हसलेसुद्धा.

हात कलला किती ते मला कळलं नाही. तळहात रिकामा झाला ते मात्र लगेच कळलं.

आवाजसुद्धा झाला नाही. मी खाली पाहिलं तर पाणी होतं आणि पाण्याखाली काळे, करडे, तपकिरी गोटे होते, शेकड्यांनी. मी दोन्ही हात पाण्यात घातले. हाताला गोल लागलं, उचललं, तो दगड होता. पुन्हा लागलं, तो दगड. वाहून थोडं खाली गेलं असेल म्हणून खाली सरकले. तिथं खडकात आणखी एक ओळ कोरलेली निघाली, कुणाच्या लक्षात न येणारी. हाताला दर वेळी लिंगच लागत होतं, आणि दर वेळी ते माझं नव्हतं.

हे मोबाईल खिशात टाकून पँटसकट पाण्यात आले. सोखाला काय हरवलं ते सांगायला मला शब्द सापडेना. मी रिकामी डबी दाखवली, खडकातल्या एका लिंगाकडे बोट केलं आणि दोन बोटांत माप दाखवलं. त्याचा चेहरा उतरला. त्यानं काठावर काहीतरी ओरडून सांगितलं.

चन्थानं आपली सगळी केळी झाडाखाली पानांवर ओतली आणि रिकामी टोपली घेऊन ती पाण्यात उतरली. ती आमच्यासारखी चाचपडली नाही. आधी एक पान पाण्यावर सोडून ते कुठं अडतं ते पाहिलं. मग दोन खडकांच्या फटीत टोपली तिरकी रोवली आणि ह्यांना वरच्या बाजूची वाळू पायानं ढवळायला लावली. गढूळ पाणी टोपलीतून जायचं, गोटे मागे राहायचे. टोपली भरली की ती काठावर पालथी करायची आणि मी एकेक गोटा बघायची. मासे धरायची तिची ही रीत असावी. केसांचा चाप निघाला, चष्म्याची काच निघाली, बाटलीची झाकणं निघाली. अकरा टोपल्या बघितल्या.

हे गुडघ्यांवर होते. उठता-बसता गुडघ्यांची तक्रार करणारा माणूस दोन तास खडकावर गुडघे टेकून वाळू उपसत होता. मध्येच म्हणाले, "मीच इकडं बघ म्हनलो."

"मीच व्हिडिओ काढा म्हनले," मी म्हणाले. त्यावरून आम्ही भांडलो नाही. एरवी चहात साखर किती यावरून भांडतो.

खाली जायची वेळ टळत चालली तेव्हा सोखानं हळूच घड्याळ दाखवलं. चन्थानं टोपली विसळली, केळी पुन्हा भरली आणि एक फणी काढून माझ्या मांडीवर ठेवली. मी मान हलवली. तिनं माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो अजून तसाच उघडा, पुढे धरलेला होता. तिनं तो आपल्या दोन्ही हातांनी मिटवला. मग मी रडले.

त्याच संध्याकाळी

खोलीवर आलो. मी सकाळपासून पाण्यावर होते. हे सुद्धा, सकाळचा गूळ सोडला तर. नाश्त्याला उशीर झाला की ज्यांचं डोकं चढतं ते हे, सोखानं दोनदा विचारूनही काही खायला तयार झाले नव्हते. केळ्यांची फणी टेबलावर होती.

परतीच्या विमानाला सहा दिवस होते. नवं लिंग बांधायला अय्या हवेत, आणि अय्या तिकडे, समुद्रापलीकडे. त्या खळ्यावरच्या बाईनं तीन दिवस काढले होते. मी सहा दिवस काढणार होते की प्रवास इथंच मोडणार होते, एवढाच प्रश्न होता.

"उद्याची तिकिटं बघतो. जाऊ घरी," हे म्हणाले. ह्यांना समुद्राकाठचे मिऱ्यांचे मळे बघायचे होते, महिनाभर त्याचीच बडबड चालली होती. "मिरं काय, बाजारात मिळतंय."

तेवढ्यात फोन वाजला. तिकडे मळ्यात अजून ऊन असणार. पडद्यावर आत्यांचं कपाळ आणि वरचं पत्र्याचं छत दिसत होतं, नेहमीसारखं.

"पूजा झाली व्हय?"

खोटं बोलायचं मी ठरवलं होतं. निदान सहा दिवस. पण तोंड उघडलं आणि सगळं बाहेर पडलं, नदी, व्हिडिओ, टोपली. आत्यांनी विचारलं, "सोमू हाय का जवळ?"

हे माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी हातानं नाही म्हणून खूण केली. आईची बोलणी ऐकायची त्यांची तयारी नव्हती. मी म्हणाले, "खाली गेल्यात."

"मग ऐक. आन् त्याला सांगू नको." त्यांनी आवाज उतरवला, पण ऐकू कमी येत असल्यामुळे त्यांचं कुजबुजणं खोलीभर ऐकू येतं. "माझं बी गेलंय. मळ्यातल्या हिरीत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"सोमू पोटात व्हता. पानी शेंदायलते. वाकले, दोरा तुटला, डबी उघडली, लिंग गेलं खाली. डबी तेवढी पदरात ऱ्हायली. सासूला सांगितलं असतं तर अय्या येईस्तोवर उपाशी ठिवली असती. आन् अय्या त्या वर्षी लांब गेलते, कवा येतील ठाऊक न्हाई. पोटुशी बाई उपाशी कशी ऱ्हाईल, सांग. मी कुनालाच सांगितलं न्हाई. रिकामी डबी गळ्यात घातली. रोज पाट मांडला, पदराआड मोकळा हात धरला, पानी घातलं. आन् जेवले. दोन जीवांचं जेवले."

"किती दिवस, आत्या?"

"चार म्हैने. सोमू झाला, अय्या त्याला लिंग बांधायला आले, तवा त्यांच्या कानात बोलले. त्यांनी पिशवीतनं आनिक एक काढलं. माझं आन् सोमूचं एकाच दिवशी बांधलंय."

शेजारी ह्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांची नजर जमिनीवर होती.

"ती खळ्यावरची बाई," मी म्हणाले. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं. "तिला तुम्ही तीन दिवस..."

पडद्यावरचं कपाळ बाजूला झालं, नुसतं छत राहिलं. "व्हय. मी जेवले व्हते, म्हनून तिला उपाशी ठिवली. कुनाला माझा वास लागू ने म्हनून कडक बोलले. चुकलंच ते. ती आता न्हाई, न्हाईतर पाय धरले असते." मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तू कामून रडायलीस? नदीतच हाय की ते, दुसऱ्या कुनाच्या पायाखाली न्हाई. जेव आता. आन् सोमूला बी घाल, त्याला भूक निघत न्हाई."

फोन बंद झाला. मला एकदम कडुलिंबाखालची ती जागा दिसली, जिथं गेली कित्येक वर्षं मी न विचारता चपला काढत आले होते.

ह्यांनी फणीतलं एक केळ तोडलं, सोललं आणि माझ्या हातात दिलं. मग एक स्वतःसाठी. त्या लाल केळ्याला थोडी आंबूस चव असते. आम्ही ती फणी पूर्ण संपवली, आणि वर सहा कडक भाकरी. पाच-एक.

सकाळी मी आंघोळ करून खिडकीशी बसले आणि सवयीनं डावा हात पुढे केला. रिकामा. करायचं काय हे कळेना. हे दाढी अर्धी टाकून आले, तांब्या नव्हता म्हणून चहाच्या पेल्यातून पाणी आणलं आणि माझ्या मोकळ्या तळहातावर घातलं. उरलेले सहाही दिवस त्यांनी ते केलं, मिऱ्यांच्या मळ्यातल्या झोपडीतसुद्धा. मिऱ्याचा वेल आपल्या नागवेलीसारखाच चढतो. ह्यांनी तिथल्या शेतकऱ्याला दोन तास प्रश्न विचारले आणि त्यानं ह्यांना तेवढेच विचारले. दोघांची भाषा एक नव्हती, तरी शेणखतापर्यंत सगळं बोलून झालं.

हळ्ळीखेड

परत आल्यावर पहिल्याच सोमवारी अय्यांना मळ्यात बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नदी किती खोल होती एवढंच विचारलं आणि नवं लिंग बांधलं. माझी जुनी डबीच वापरली.

दुपारी जेवणं झाली. आत्या ओसरीवरून उठून माझ्याबरोबर तुरीकडे निघाल्या, काठी टेकत. पुढे हे मोटर चालू करायला निघाले होते. आम्ही मागून बघत होतो. कडुलिंबाखाली ह्यांची पावलं थांबली. त्यांनी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि विहिरीकडे अनवाणी गेले. काटा लागला असावा, एक पाय उचलला, झटकला आणि पुढे गेले.

आत्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांनी लेकाच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खाली गेल्यात म्हनलीस की तू," त्या हळू म्हणाल्या.

मी तुरीकडे बघत राहिले.

"लबाड हायस," आत्या म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावर हात टेकून त्यांनी आपल्या चपला काढल्या आणि लेकाच्या चपलांशेजारी ठेवल्या. मोटर सुरू झाली. पाइपाला पाणी आलं तेव्हा ह्यांनी पहिली ओंजळ भरून आईपुढे धरली, आणि आम्ही तिघंही अनवाणी उभे राहून त्या विहिरीचं पाणी प्यायलो.